लस नसलेला टोमॅटो

गायकवाड सिस्टरांसमोर "मी बरा आहे" असं म्हणायची सोय नव्हती. त्या लगेच जवळ येऊन अंगठ्याने समोरच्याची खालची पापणी ओढायच्या, आत बघायच्या आणि "हं" म्हणायच्या. त्या "हं"चा अर्थ आमच्या कारखान्यात कधी कोणाला कळला नाही, पण तो ऐकल्यावर चांगला धडधाकट माणूससुद्धा दोन दिवस नीट जेवत नसे. मी अंबरनाथच्या त्या कारखान्याच्या दवाखान्यात कंपाउंडर होतो, सिस्टरांच्या हाताखाली. माझी पापणी त्यांनी इतक्या वेळा ओढली की ती अजून जागच्या जागी आहे याचंच मला नवल वाटतं.

रंग बनवायचा कारखाना. डॉक्टर अधूनमधून यायचे, सह्या करून जायचे. बाकी सगळा कारभार सिस्टरांचा. ठेंगणा बांधा, घट्ट अंबाडा, कडक इस्त्रीचा पांढरा कोट, आणि चेहऱ्यावर सदा एकच भाव, की या क्षणी कुठेतरी काहीतरी बिघडतंय आणि आपल्यापर्यंत अजून बातमी आलेली नाही. कोणी बोट कापून आला तर आधी बोट नाही, आधी पत्रा. पत्रा कसा होता, गंजका होता का, सकाळपासून त्याला कोणी कोणी हात लावला. इकडे बोटातून रक्त गळत असायचं.

"अहो सिस्टर, पट्टी तरी बांधा," तो कळवळायचा.

"रक्त मला दिसतंय. जे दिसतंय त्याची मला भीती नाही," असं म्हणत त्या सावकाश कापूस काढायच्या.

"दिसायला लागलं म्हणजे उशीर झाला," हे त्यांचं पेटंट वाक्य. तापाला, भिंतीच्या ओलीला, शेजारच्या मुलीच्या प्रेमप्रकरणाला, कशालाही ते लागू पडायचं. एकदा कँटीनच्या आचाऱ्याच्या मनगटावर त्यांना फोड दिसला. झालं! त्यांनी स्वतः जाऊन भाताच्या पातेल्यावर झाकण ठेवलं आणि झाकणावर हात ठेवून उभ्या राहिल्या. अख्खी पहिली पाळी उपाशी. युनियनवाले ओरडायला लागले, मॅनेजर धावत आले. डॉक्टरांना बोलावून आणलं तर त्यांनी सांगितलं की हा भजी तळताना उडालेल्या तेलाचा फोड आहे. सगळे सिस्टरांकडे बघायला लागले. "आज तेलाचा निघाला," एवढंच त्या म्हणाल्या आणि झाकणावरचा हात काढून घेतला. भात तोवर गार झाला होता. मला तो तसाच खावा लागला, म्हणून ही हकिकत माझ्या चांगली लक्षात आहे.

अशा बाईचा नवरा तंबाखू खाणारा निघावा, हा नशिबाचा खोडसाळपणा. गायकवाडभाऊ उल्हासनगरात टर्नर होते. उंच, हाडकुळे, बोलणं कमी. डाव्या तळव्यावर तंबाखू, उजव्या अंगठ्याने चुना, आणि तोंड बंद. बुवापाड्यातल्या त्यांच्या घरी मी जायचो तेव्हा सिस्टर भाऊंच्या शर्टाच्या खिशातून पुडी काढून गटारात टाकायच्या, आणि भाऊ काही न बोलता दुसरी आणायला निघायचे. त्याला भांडण म्हणता येणार नाही. केर काढावा तसं ते घरातलं रोजचं काम होतं. पण भाऊंना जरा उशीर झाला की सिस्टर चारदा दारात यायच्या, आणि मग मला म्हणायच्या, "मोरे, यांच्या गालाला आतून पांढरा डाग आलाय का हो? मला दाखवत नाहीत." मनापासून घाबरलेल्या असायच्या. त्यांची काळजी ही गंमत करायची गोष्ट आहे असं आम्हां सगळ्यांना वाटायचं. त्यांना स्वतःला तिचा त्रास होत असेल हे फार कमी जणांच्या लक्षात आलं.

सव्वीस जुलैच्या पुरात कारखाना बंद झाला तो पुन्हा उघडलाच नाही. कोणी रिक्षा घेतली, कोणी वडापावची गाडी लावली, मी उल्हासनगरात एका औषधाच्या दुकानात चिकटलो. सिस्टर पुण्याकडे कुठेतरी जाऊन पोलीहाऊसचं शिक्षण घेऊन आल्या. भाऊही नुकतेच घरी बसले होते. बदलापूरला शिरगावच्या पुढे, जिथे नव्या इमारती अजून पोचल्या नव्हत्या, तिथे भाऊंच्या मावसभावाची पडीक जागा होती. दोघांचं आयुष्यभराचं जे काय होतं ते त्या जागेवर उभं राहिलं. वर पांढरं प्लास्टिक, बाजूंनी बारीक जाळी, आत छतापर्यंत तारा आणि तारांवरून खाली सोडलेल्या दोऱ्या. सगळा सांगाडा भाऊंनी स्वतःच्या हाताने वेल्डिंग करून उभा केला. पुन्हा असं काही उभं करायची दोघांत ना ताकद होती ना वय.

पहिलं बी आलं त्या दिवशी सिस्टरांनी मला दुकानातून बोलावून घेतलं. संकरित टोमॅटो, खास पोलीहाऊससाठीचा. पाकिटावरचं नाव अक्षरं आणि आकडे मिळून गाडीच्या नंबरासारखं, त्यामुळे ते कोणीच घेत नसे. सगळे त्याला सिस्टरचा टोमॅटो म्हणत. बी वजनावर मिळत नाही, नगावर मिळतं, हे मला तेव्हा कळलं. सिस्टर त्या पाकिटाकडे इंजेक्शनच्या कुपीकडे बघावं तसं बघत होत्या. ते बी विकणारे भोईर नावाचे सल्लागार शेजारी उभे होते. ते वाणाचे गुण सांगत होते. रोप थांबत नाही, दोरीवर वर वर चढत राहतं. फळं घडाने येतात, एका घडातली सगळी सारख्या आकाराची, सगळी एकदम लाल होणारी. साल जाड, तोडल्यावर बरेच दिवस टिकणारी.

"आणि याला कुठले कुठले रोग होत नाहीत?" सिस्टरांनी विचारलं.

भोईरांनी पाकिटामागची अक्षरं वाचून दाखवली. मर येत नाही, सूत्रकृमी लागत नाही, अमुक करपा नाही, तमुक करपा नाही.

"म्हणजे एवढ्या लसी टोचलेल्या आहेत. मग राहिली कुठली?"

भोईर हसले. एवढ्या वर्षांत हा प्रश्न त्यांना कोणी विचारला नसावा. "मोझॅक," ते म्हणाले. "तंबाखूच्या पिकाचा रोग आहे. टोमॅटोला पण होतो. तंबाखू हाताळलेल्या हाताने पान खुडलं की शिरतो आत. त्यावर औषध नाही. दुसऱ्या वाणांत त्याला तोंड द्यायची ताकद असते, पण त्यांचे घड असे येत नाहीत."

सिस्टर हळूहळू वळल्या आणि जाळीबाहेर उभ्या असलेल्या भाऊंकडे बघायला लागल्या. भाऊंचा तंबाखू मळणारा अंगठा थांबला.

त्या दिवसापासून ज्या माणसाने ते पोलीहाऊस बांधलं त्याला त्यात मज्जाव झाला. भाऊ बाहेर करंजाच्या झाडाखाली, उरलेल्या पाइपांच्या ढिगावर बसायचे, बाळंतिणीच्या खोलीबाहेर बसल्यासारखे. तिथूनच जाळीतून बघून सांगायचे, "त्या कोपऱ्यातल्याची दोरी सैल पडलीय." सिस्टर आतून म्हणायच्या, "दिसलं मला." त्यांना दिसलेलं नसायचं.

आत कामाला माणसं ठेवायची तर सिस्टर मुलाखत घ्यायच्या. "तोंड उघड." पुरुष सगळे नापास झाले. मग जवळच्या पाड्यावरच्या चंदाबाई आल्या, त्यांना विचारलं, "तंबाखू खातेस?" त्या लाजून म्हणाल्या, "नाय बा." त्या पास झाल्या आणि आणखी दोघींना घेऊन आल्या. तरी सिस्टरांचा विश्वास बसेना. भोईरांनी सांगितलं होतं की दूध लागलेल्या हाताने हा रोग पसरत नाही. झालं, दारात दुधाचं घमेलं आलं. पावडरीचं, पाणीदार दूध, पण दूध. चंदाबाई पहिल्या दिवशी घमेल्यासमोर उभ्याच राहिल्या. "सिस्टर, पोरांना दूध नाय मिलत, आन झारांसाठी हात धुवाला दूध!"

"तुझ्या पोरांना मी वेगळं देईन. आधी हात बुडव." आणि त्या रोज पिशवी देऊ लागल्याही.

मीसुद्धा रविवारी जायचो तेव्हा कोपरापर्यंत दूध लावून घ्यायचो. उल्हासनगरचे लालवानीशेठ, हॉटेलांना भाजी पुरवणारे, एकदा कोरी करकरीत सफारी घालून माल बघायला आले, त्यांनाही सोडलं नाही. "सिस्टर, मी टमाटर बघायला आलो की अभिषेक करायला?" ते ओरडले. पण आत गेले आणि गप्प झाले. हिरवे घड छातीच्या उंचीवर लटकत होते, एकसारखे, जणू एकाच साच्यातून काढलेले. "साईं, माल ऐसाच पाहिजे," ते हळू आवाजात म्हणाले. "एक छोटा एक मोटा असला तर हॉटेलवाला फेकून मारतो. सगळं मीच उचलणार. दुसऱ्याला देऊ नका." सिस्टरांना आनंद व्हायला हवा होता. त्या म्हणाल्या, "अजून लाल व्हायचेत." आणि सगळ्यात मागच्या रांगेकडे गेल्या. ती रांग त्यांची. तिथे त्या दुसऱ्या कोणाला हात लावू देत नसत. पान आणि खोड यांच्या बेचक्यातून जी जादा फूट निघते ती चिमटीने खुडायची असते, रोज, प्रत्येक रोपाची. ते काम त्या रांगेत त्या एकट्या करत, ओठ घट्ट मिटून.

दिवाळी होऊन गेल्यानंतरच्या एका रविवारी मी गेलो तर सिस्टर त्याच रांगेत उभ्या होत्या. माझ्याकडे बघितलं नाही, पापणी ओढली नाही. एक पान उजेडासमोर धरून म्हणाल्या, "मोरे, इकडे या. हिरव्यात हिरवं दिसतंय का बघा."

मला काही दिसेना. मग डोळे सरावले. गडद हिरव्यात फिकट हिरवे ठिपके, नकाशासारखे. शेजारच्या रोपाच्या शेंड्याची पानं बारीक होऊन पिळवटली होती. त्याच्या शेजारच्याचीही. सिस्टर म्हणाल्या, "दिसायला लागलं," आणि पुढचे शब्द त्यांच्याने बोलवले नाहीत.

त्या बाहेर आल्या. भाऊ ढिगावरून उठले.

"तुम्ही आत गेला होतात?"

"दिवाळीच्या आधी एकदा," भाऊ म्हणाले. "तू लालवानीकडे गेली होतीस. मागच्या रांगेत पाण्याची नळी निसटली होती. रोपं सुकली असती."

"हात बुडवले होते?"

"घाई होती."

सिस्टर ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. त्या अगदी हळू बोलल्या. "इतकी वर्षं मी तुमच्या तोंडाला भीत आले. हातांना भ्यायला हवं होतं. तुमच्या हाताने मेलं सगळं. जा इथून. पुन्हा या जागेत मला दिसू नका."

भाऊंनी दोन्ही तळवे पँटला पुसले, पुन्हा पुन्हा पुसले. मी मध्ये काहीतरी बोललो, आता आठवत नाही काय, कोणी ऐकलंही नाही. कामाला जावं तसे भाऊ फाटकातून बाहेर पडले. शहाडला त्यांचा धाकटा भाऊ राहत असे, तिथे गेले आणि परत आले नाहीत. मला त्या दिवशी सिस्टरांचा फार राग आला. आणि त्यांच्याकडे बघितलं की तो टिकतही नसे.

त्यानंतर मी दुकानातून सुटलो की जवळजवळ रोज जाऊ लागलो, कारण सिस्टर जेवतात की नाही याचाच भरवसा नव्हता. त्या पानन् पान तपासत होत्या. रोज एखादं नवं रोप. त्यांनी दुधाचं घमेलं दिवसातून दोनदा बदलायला सुरुवात केली. चंदाबाईंना घरून येताना वाटेत कोणाशी बोलू नकोस म्हणाल्या. स्वतः मात्र दवाखान्यातल्या सवयीने स्पिरिटचा बोळा घेऊन हात पुसायच्या, बोटांच्या बेचक्यांतून, नखांखालून. दूध बाकीच्यांसाठी होतं. भाऊंबद्दल एक शब्द नाही. फक्त एकदा, करंजाखालचा पाइपांचा ढीग कोणी उचलायला लागलं तर त्या आतून ओरडल्या, "राहू दे ते तिथेच."

शेवटी भोईर आले. सिस्टरांनी त्यांना निसटलेल्या नळीची हकिकत सांगितली. रांगेच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत चालत गेले, परत आले. बोटाने रोपं दाखवत म्हणाले, "मॅडम, हे बघा. एकापाठोपाठ एक, सरळ रांगेत. मधलं एकही सुटलेलं नाही. बियाण्यातून आलं असतं तर कुठेही, कसंही दिसलं असतं. नळी जोडायला आलेला माणूस एका जागी बसतो, सगळ्या रोपांना हात लावत नाही. हे फुटी खुडणाऱ्या हातांचं काम आहे. ही रांग कोण खुडतं?"

"मी," सिस्टर म्हणाल्या.

"विडी, गुटखा, तंबाखू?"

सिस्टरांनी त्यांच्याकडे अशी नजर टाकली की दुसरा कोणी असता तर माफी मागून मोकळा झाला असता. "माझ्या घरातली कुठलीही बाई आजवर तंबाखूला शिवलेली नाही."

"तपकीर? मशेरी?"

चंदाबाई खुदकन हसल्या. "मशेरी तर आमी सगल्याच लावतो. सिस्टर पन. आजच सकाली भाजून आनलीन, मना पन दिलीन चिमूटभर."

मला माझी आई आठवली. तव्यावर तंबाखूची पानं काळी होईपर्यंत भाजून ती मशेरी करायची, ठसका लागून आम्ही भावंडं घराबाहेर पळायचो. आणि सोयरिकीला आलेल्यांना आम्ही छातीठोकपणे सांगायचो की आमच्या घरात कोणी तंबाखू खात नाही. खोटं बोलतोय असं आमच्यापैकी एकालाही वाटलं नाही. तंबाखू पुरुषांची. मशेरी ही दात घासायची वस्तू, मंजनासारखी.

"ती भाजलेली असते," सिस्टर म्हणाल्या. आवाज त्यांचा वाटत नव्हता.

"भाजलेल्यात कदाचित नसेलही काही. पण भाजायच्या आधी पानं तोडता ना हाताने?"

"मी स्पिरिट लावते. प्रत्येक वेळी लावते."

"स्पिरिटने याला काही होत नाही, मॅडम. दूधच लावायला हवं होतं. या बायकांच्या रांगा बघा, स्वच्छ आहेत."

सिस्टर खाली बसल्या, मातीतच. आपले दोन्ही हात त्यांनी मांडीवर उताणे ठेवले आणि त्यांच्याकडे बघत राहिल्या. मला वाटलं आता त्या रडतील. त्यांनी विचारलं, "किती उपटायची?"

ती रांग पूर्ण, आणि तिच्या अलीकडच्या दोन. बाकीची ठेवून बघायचं, असं भोईर म्हणाले. सिस्टरांनी चंदाबाईंना हात लावू दिला नाही. घडांना नुकती पिवळसर झाक यायला लागली होती. एकेक रोप दोरीवरून सोडवून, मुळासकट काढून त्या पोत्यात भरत गेल्या, एखादं फळ निखळून पडलं तर तेही शोधून उचलत होत्या. पोती लांब नेऊन जाळली. मग अंघोळ केली, धुतलेलं लुगडं नेसल्या आणि मला म्हणाल्या, "मोरे, शहाडला चला माझ्याबरोबर. एकटीने मला जिना चढवणार नाही."

पुढच्याच आठवड्यात मी मुलाकडे नाशिकला राहायला गेलो तो तिथलाच झालो. फोन व्हायचे, पण फोनवर सिस्टर टोमॅटोचं नाव काढत नसत, माझ्या रक्तदाबाचा आकडा विचारायच्या. त्यामुळे त्या दोघांना मी डोळ्यांनी शेवटचं पाहिलं ते शहाडला, त्या संध्याकाळी.

रिक्षात त्यांचे ओठ हलत होते. काय सांगायचं ते जुळवत असाव्यात. चाळीतली पहिल्या मजल्यावरची खोली. भाऊ खाटेवर बसले होते, दाढी वाढलेली. धाकटी जाऊ "या ताई, बसा" म्हणत चहा टाकायला आत गेली. सिस्टर बसल्या नाहीत. दारातच उभ्या राहून म्हणाल्या, "भोईर येऊन गेले. रोग तुमच्या हाताने गेला नाही. माझ्या गेला. मशेरीची पानं मी हाताने..."

भाऊ खाली वाकले आणि खाटेखाली हात घालून काहीतरी चाचपायला लागले. ऐकायचंच नाही यांना, असं मला वाटलं. सिस्टरांनाही तेच वाटलं असणार, कारण त्यांचा आवाज खाली खाली जाऊ लागला. तरी त्या बोलत राहिल्या. दुधाचं सांगितलं, स्पिरिटचं सांगितलं, मी तुम्हांला नको ते बोलले असं म्हणाल्या, माझं चुकलं म्हणाल्या. तोवर भाऊ सरळ झाले. त्यांच्या हातात त्यांच्या चपला होत्या.

"किती उपटलीस?"

"तीन रांगा."

"बाकीची?"

"कळत नाही अजून. आठवडाभर तरी कळायचं नाही." आणि आता मात्र त्यांना रडू फुटलं. "मला फार भीती वाटतेय हो."

"मग इथे काय करतेयस? तिकडे कोण आहे?"

"चंदाबाई."

"तिला दोऱ्या नीट बांधता येत नाहीत," भाऊ म्हणाले, आणि घरातच चपला पायात अडकवून बाहेर पडले. सिस्टर डोळे पुसत त्यांच्यामागे.

जाऊबाई चहाचे कप घेऊन आल्या तेव्हा खोलीत मी एकटाच होतो. माझ्यासाठी थांबा म्हणायला मी गॅलरीत धावलो, तर खाली रिक्षा निघालीसुद्धा होती. सिस्टर आत बसून हातवारे करत काहीतरी सांगत होत्या, आणि ते कमी बोलणारे भाऊ मान बाहेर काढून रिक्षावाल्याला ओरडत होते, "लवकर घे रे, जरा लवकर घे."